गिरजेवाले मामा आणि अर्धं कांबळं

आमच्या घरमालकांना भाड्याची आठवण कधी राहिली नाही. पण गिरज्याच्या भिंतीवरच्या घोड्याचा मागचा कोणता पाय पांढरा आहे हे भाडेकरूला सांगता आलं नाही, तर ते बिऱ्हाड हलवायला लावत. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या आधी त्या खोल्यांत कचेरीतला एक कारकून राहत होता. शांत, बायकामुलांचा माणूस. एकदा त्याच्या सासऱ्यानं गिरज्यातल्या चित्राबद्दल विचारलं आणि जावई म्हणाला, "मी आत कधी गेलो नाही." घरमालकांनी ते ओसरीवरून ऐकलं. थोड्याच दिवसांत कारकून गावात राहायला गेला आणि खोल्या आम्हाला मिळाल्या.

तेव्हा आंबाजोगाईला सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत आणि राज्य निजामाचं होतं. आमचे हे तिथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवायला लागले, म्हणून दिंद्रुडच्या शेतातून उठून मी तिथं आले. गावात जागा मिळाली नाही, जुन्या छावणीत मिळाली. छावणी एके काळी घोडदळाची. मी गेले तेव्हा रिसाला उठून गेला होता, तबेल्यात शेळ्या बांधलेल्या आणि परेडच्या मैदानात ज्वारी उभी. मागं राहिला होता काळ्या दगडाचा गिरजा, त्याच्या अंगणातल्या चार खोल्या आणि त्या खोल्यांचे मालक.

लोक त्यांना बँडमास्तर म्हणत. ते रिसाल्याच्या बँडमध्ये होते हे खरं, पण मास्तर कधीच नव्हते. मोठा ढोल वाजवायचे. बाप गोव्याचा, बिगूल फुंकणारा, आणि आई केजची. नाक बापाचं घेतलं होतं, बोलणं सगळं आईचं. पहिल्या दिवशी मी पाया पडून "बाबा" म्हणाले, तर झटक्यात पाय मागं घेतले.

"बाबा नगं म्हणू, पोरी. ह्या गिरज्यात बाबा एकच, तो आत घोड्यावर बसलाय. मला मामा म्हण."

तेव्हापासून मामा. सख्खा मामा मला नव्हता, त्यामुळे ती जागा रिकामीच होती, आणि मामांनी ती अशी भरली की माझ्या लेकरांना पुढं किती तरी वर्षं हे आपल्या आजोळचेच वाटत.

ढोल पलटणीनं नेला, पण हातांची सवय मामांजवळ राहिली. दाराची फळी, पाटा, माझा पिठाचा डबा, जे हाताखाली येईल त्यावर ठेका चालू. बोलतानाही वाक्य संपलं की मांडीवर एक थाप. दार वाजवलं की कोण आलंय ते विचारावं लागत नसे. घरातून बाहेर पडताना डावाच पाय आधी टाकत. मी एकदा म्हणाले, "मामा, डावा पाय चांगला नसतो." तर म्हणाले, "परेडचा हुकूम हाय. देवाची फौज बी डाव्याच पायानं निघती." देवाच्या फौजेची मला काय माहिती असणार!

गिरज्याला घंटा अशी नव्हतीच. छावणीच्या पहाऱ्यावर तास वाजवायची जाड पितळी थाळी होती, ती पलटण जाताना मामांनी मागून घेतली आणि दाराशी टांगली. रविवारी ते ती वाजवत, पण प्रार्थनेला वाजवावी तशी नाही, कूच केल्यासारखी. फादर महिन्यामहिन्यानं कधी तरी येत. ते नसले तरी थाळी चुकत नसे. मी नवी होते तेव्हा पहिल्या रविवारी चुलीवरचं तसंच टाकून बाहेर पळाले होते, कुठं आग लागली म्हणून.

"रिसाला गेला तेव्हा तुम्ही का नाही गेलात?" असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "ढोल त्यांनी नेला. गिरजा न्यायचं इसरले. मंग कुनी तरी थांबाया नगं?"

आणि या गिरज्याबद्दल त्यांचं एक वाक्य होतं, ते ऐकल्याशिवाय त्या अंगणातून कुत्रंसुद्धा बाहेर गेलं नसेल. "असा गिरजा हैदराबादेत बी न्हाई!" मामा हैदराबादेला जन्मात गेले नव्हते. आमच्या ह्यांनी एकदा ते सभ्यपणे दाखवून दिलं. मामा जराही हलले नाहीत. "जाऊन काय करू? हितल्यासारखा तिथं न्हाईच, मंग बघू काय?"

मला त्यांनी गिरजा दाखवला तो दिवस डोळ्यांपुढं आहे. आधी भिंतीपाशी उभं केलं आणि इतिहास सांगितला. बँडमधले गोव्याचे लोक, मद्रासकडचे शिपाई, त्यांच्या बायका, सगळ्यांनी सुट्टीच्या दिवशी डोक्यावर दगड वाहून ही भिंत उभी केली. साहेबलोकांनी मदत देऊ केली ती घेतली नाही, का तर मग गिरजा साहेबांचा झाला असता. हा इतिहास मी पुढं पुष्कळदा ऐकला, आणि दर वेळी सांगताना भिंत हातभर उंच व्हायची. मी असेपर्यंत ती चांगलीच वाढली होती.

आत डाव्या हाताला मरियम मातेची लाकडी मूर्ती. गोव्याहून पेटीत घालून बैलगाडीनं आणलेली. घाटात गाडी कलंडली आणि उजव्या हाताची करंगळी तुटली. इथल्या सुतारानं बाभळीच्या लाकडाची नवी बसवली. ती जरा जाडच झाली, रंगही वेगळा. मी म्हणाले, "करंगळी मोठी वाटते." मामांना हेच हवं होतं.

"माता गोव्याची हाय, पन करंगळी मोमिनाबादची. म्हनून ती हितनं हालत न्हाई. बोट धरून ठिवलंय आमी तिचं."

मग वेदीमागची भिंत. मी माहेरी देवळं पाहिली होती, भिंतीवरचे गणपती नि मोर पाहिले होते. पण असा घोडा मी कुठं पाहिला नव्हता. पुऱ्या भिंतीभर तो उभा होता, तांबूस काळसर, मागचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा, गळ्याशी केसांचा भोवरा, ज्याला घोडेवाले देवमण म्हणतात आणि फार शुभ मानतात. कान टवकारलेले. खोगीर, रिकीब, लगामाची कडी न् कडी खरी. माझ्या वडिलांची घोडी होती, म्हणून मला कळत होतं. आणि त्या घोड्यावर एक संत बसला होता, फेटा बांधून, रिसालदारासारख्या मिशा ठेवून. खरं सांगायचं तर संत अदमासानं काढलेला होता. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता.

त्याचं कारण असं, की चित्र काढणारा रिसाल्याचा जिनगर. रोज खोगिरं शिवायची आणि सणावाराला देवळांच्या भिंती रंगवायच्या, हे त्याचं काम. घोडा त्याच्या हातातला. संत त्यानं कधी पाहिलेला नव्हता. तेव्हाच्या फादरांनी त्याला गोष्ट सांगितली: थंडीचे दिवस होते, एक घोडेस्वार चालला होता, वाटेत उघडा माणूस भेटला, तेव्हा स्वारानं तलवारीनं आपला झगा कापून अर्धा त्याला दिला. जिनगरानं गोष्ट ऐकली, मान डोलवली आणि काढलं आपल्या मनानंच. झगा काय हे त्याला माहीत नव्हतं, त्यानं कांबळं काढलं. आमच्याकडची कांबळी दोन पट्ट्यांची असतात. धनगर दोन पट्ट्या वेगळ्या विणतो आणि मध्ये काळ्या लोकरीनं जोडतो. अशा कांबळ्याला तलवार कोण लावील? जिनगरानं तलवार म्यानात ठेवली आणि संताच्या हातात छोटी सुरी दिली. संत मान वाकवून, सावकाश, कांबळ्याची मधली शिवण उसवतो आहे. आणि तो उघडा माणूस खाली हात पसरून बसलेला नाही. घोड्यावर चढायच्या दगडी ओट्यावर तो ताठ उभा आहे, त्यामुळे त्याचे डोळे संताच्या डोळ्यांच्या बरोबरीला आले आहेत.

"फादर लई हासले म्हनं," मामा म्हणाले. "पन चित्र पुसलं न्हाई. शाना मानूस व्हता."

संताचं नाव परदेशी, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे घोडेवाले बाबाच म्हणत. आजूबाजूच्या खेड्यांतल्या लोकांना तर हा खंडोबाच वाटे. येता-जाता ते घोड्याच्या खुरांना भंडारा लावत. फादर लोकांना ते आवडत नसे. मामा म्हणत, "लावू द्या की. हळदीनं भितीला कीड लागत न्हाई."

दिवाळी सरली, थंडी पडली, की या घोडेवाल्या बाबाचा दिवस येई. त्या दिवशी चित्रातलं लोक खरं करून दाखवत. ज्याच्याकडं कांबळं आहे तो ते घेऊन येई, चित्रापुढं बसून शिवण उसवी आणि एक पट्टी दुसऱ्याला देई. मग ते दोघं कांबळभाऊ. बाई असली तर कांबळबहीण. जात, धर्म कुणी विचारत नसे. मामा विचारू देत नसत.

माझी पहिली थंडी तिथं आली तेव्हा मला सहावा महिना होता. दिंद्रुडहून आणलेल्या गोधड्या भिजून कुजल्या होत्या आणि ह्यांचा पगार यायचा होता. मी कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी गंमत बघायला म्हणून गिरज्यात गेले, तर मामांनी सगळ्यांदेखत आपलं कांबळं माझ्यापुढं अंथरलं आणि सुरीनं उसवायला लागले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या घरानं कधी कुणाचं दान घेतलं नव्हतं. मी उठले आणि म्हणाले, "मामा, आम्ही देणारे लोक आहोत. मला नको."

मामांची मान वर झाली नाही, शिवण उसवणं चालूच होतं. "दान न्हाई हे, पोरी. दान दिलं अस्तं तर सबंद दिलं अस्तं. हे अर्धं हाय. अर्धं माज्याकडं ऱ्हातंय. म्हंजे थंडी दोघांला बी वाजणार. आता सांग, कोन दिलं न् कोन घेतलं?"

समोर तो उघडा माणूस ओट्यावर ताठ उभा होता. मीही ताठ उभी राहिले, पट्टी खांद्यावर टाकली आणि घरी आले. पुढं माझी थोरली त्याच पट्टीत गुंडाळून वाढली. मामा उरलेल्या पट्टीत कसे निजत ते मला भिंतीपलीकडून ऐकू येई, कारण कुडकुडतानासुद्धा त्यांचा ठेका चुकत नसे.

आमच्या तिसऱ्या वर्षी हैदराबादेहून मोठे फादर आले. गोरे, लांब दाढीचे, पुस्तकातलं मराठी बोलणारे. माणूस वाईट नव्हता, पण ठरवून आला होता. इथं ख्रिस्ती घरं उरली होती चार, तीही सोडून जायच्या बेतात. त्यांनी मामांना ओसरीवर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं. बाबाच्या दिवसाची मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, ही इथली शेवटची. मातेची मूर्ती हैदराबादेच्या मोठ्या गिरज्यात जाईल. जमीन छावणीची, म्हणून इमारत सरकारला जाईल.

"आन् भित?" मामांनी विचारलं.

"भिंतीस चुना देण्यात येईल," फादर म्हणाले. "ते चित्र अयोग्य आहे. संताने झगा तलवारीने छेदला होता. येथे तलवार म्यानात आहे. शिवाय याचक संताच्या बरोबरीने उभा आहे. लोक त्यास हळद लावतात. आम्ही असे चित्र मागे ठेवू शकत नाही."

मी चहा घेऊन आले होते. माझं लक्ष मामांच्या हातांकडं गेलं. ते मांडीवर नुसते पडले होते. त्या घरात राहायला आल्यापासून ते हात गप्प झालेले मी कधी पाहिले नव्हते, आणि मला रडूच आलं.

फादर आत गेल्यावर मी म्हणाले, "मामा, बाबाच्या दिवशी दरसाल एवढे लोक येतात. ह्या खेपेला झाडून सगळ्यांना निरोप धाडू. हे शाळेतल्या पोरांच्या हाती सांगतील. गर्दी बघून फादर काय करतील?"

"न्हाई."

"कावून न्हाई?" रागानं 'का'च्या जागी माझ्या तोंडून माहेरची बोली आली.

"बाबाच्या दिवसाला बोलावनं जात न्हाई. कवा गेलंय? बोलावून आलेली मानसं माजी. आपसूक आलेली त्याची. फादरला माजी मानसं दाखवून काय उपेग?" आणि माझ्या खांद्यावरच्या पट्टीवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की मी कुणाला एक शब्द सांगणार नाही. असा हेकट माणूस. मी वचन पाळलं, पण दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तो दिवस उजाडला. मामांनी बँडचा लाल कोट काढून घातला, बरीचशी बटणं नसलेला, आणि थाळी वाजवली. मिस्सेला चार घरांतली माणसं आणि मी. बाकी कुणी नाही. नेमका गावचा बाजारही त्याच दिवशी पडला होता, आणि बाजार सोडून कोण येणार? दुपार झाली. मामा दारात तसेच उभे, कोट घालून. फादरांच्या बरोबरच्या माणसानं पेटी आणली, तिच्यात कडबा पसरला आणि मातेची मूर्ती उचलून आत आडवी ठेवली. मामा वळून बघेनात. मी बघितलं. बाभळीची ती जाड करंगळी कडब्यातून वर आली होती.

फादरांचा माणूस झाकण ठोकायला खिळे शोधत होता, तेवढ्यात पहिला धनगर आला. बाजारात विकून उरलेली कांबळी त्याच्या खांद्यावर होती. त्याच्या मागं बायका आल्या, बाजाराच्या पाट्या डोक्यावर घेऊन. मग रिसाल्यातले पेन्शनवाले म्हातारे, काही जण अजून घोड्यावर. सगळे दरसालसारखे, बाजार आटोपून आले होते. फादरांकडं कुणी पाहिलंही नाही. चपला काढून सरळ आत.

एका बाईला पेटी दिसली आणि ती जागीच थांबली. मांगवाड्यातली म्हातारी होती, दर वर्षी मातेला हिरव्या बांगड्या ठेवणारी. ती फादरांच्या माणसाला म्हणाली, "अरं, आईला कावून निजवलंय? आजारी हाय का?"

बाईनं पेटीत वाकून मूर्तीच्या कपाळाला हात लावला. "गार पडलीया की. आन् काय म्हनावं तुमाला, थंडीचं आईला कडब्यात निजवलंय!" मग एकच गलका. एकीनं बाजारातून आणलेलं मीठ काढलं, दुसरीनं मिरच्या, आणि दोघी-तिघी पेटीभोवती बसून मातेची दृष्ट काढायला लागल्या. धनगरानं विकायचं कोरं कांबळं उलगडलं आणि मूर्तीच्या अंगावर घातलं. त्यानं दाम विचारला नाही, कुणी देऊही केला नाही.

फादर धावत आले. ओरडणार असं वाटलं. पण त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या मुसलमान स्वाराला विचारलं, "आपण ख्रिस्ती नाही. येथे कशासाठी आलात?"

म्हातारा म्हणाला, "अंदर हमारा घोडा है, साब. घोडे को मिलने आते."

"तुमचा घोडा?"

"हौ. मेरे बाप का. वो देखो, देवमण. पिछला बायां पांव सफेद."

"कुनाचा घोडा?" मागून दुसरा पेन्शनवाला मराठा पुढं आला. "त्यो आमच्या चुलत्याचा घोडा हाय! जिनगर आमच्याच दारात बसून बघत व्हता त्याला." तिसरा म्हणाला, दोघं बी खोटं बोलतेत, घोडा आपल्या आज्याचा. वेदीपुढं चांगलंच भांडण जुंपलं. हे भांडण दर वर्षी होई आणि कधी मिटत नसे, पण फादरांना ते नवीन होतं. ते एकदा भिंतीकडं बघत, एकदा म्हाताऱ्यांकडं, आणि एकाएकी दाढीतल्या दाढीत हसायला लागले.

मग लोक खाली बसले. सुऱ्या निघाल्या. शिवणी उसवायला लागल्या. तो मुसलमान म्हातारा दृष्ट काढणाऱ्या त्या बाईपुढं बसला आणि आपल्या कांबळ्याची शिवण उसवून त्यानं एक पट्टी तिला दिली. तिनं ती खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "आता तू माजा कांबळभाऊ. माजी सून भांडली तर तुज्याकडं येनार मी." तो म्हणाला, "जरूर आना."

फादर हळूच मामांपाशी आले. "मला एक सांगा," ते म्हणाले. "तुम्हाला खरी गोष्ट माहीत आहे. तरी तुम्ही हे तलवार म्यानात असलेले चित्र इतकी वर्षे का सांभाळले?"

मामांचा हात पुन्हा मांडीवर गेला होता. ठेका सुरू झाला होता. "तलवारीनं कापलेलं परत जोडता येत न्हाई, फादर. उसवलेलं येतंय. दोघांतलं एक मानूस गेलं, की मागं ऱ्हायलेलं आपली पट्टी घेऊन येतंय. दोन्ही पट्ट्या जोडून शिवायच्या आन् गेलेल्याच्या अंगावर घालायच्या. मानूस अर्धा जाऊ नये म्हनून. तुमचा संत मोठा हाय, मला मान्य. पन त्याला घाई व्हती. आमच्या जिनगराला घाई न्हवती."

मग मामांनी विचारलं, "हैदराबादेत असा गिरजा हाय का? खरं सांगा."

फादरांनी भोवती बघितलं. भांडणारे म्हातारे, मिरच्यांचा वास, घोड्याच्या खुरांची हळद, उसवलेल्या लोकरीचे धागे. "नाही," ते म्हणाले. आणि आपल्या माणसाकडं वळून म्हणाले, "मातेस उभे करा."

जाताना ते एवढंच बोलले, की पुढल्या वर्षी काय ते पाहू. मी आंबाजोगाईत असेपर्यंत पुढलं वर्ष काही आलं नाही. भिंतीला चुना लागला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर मामा माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "बोलावलं अस्तं तर असं झालं नस्तं." मला ते मान्य करावं लागलं. खरं तर त्या दिवशी मला त्या हेकट माणसाचा इतका अभिमान वाटला, की मी घरी जाऊन पुरणपोळ्याच केल्या.

पुढं ह्यांची बदली पाटोद्याला झाली. मामांनी निरोप देताना रडणं-बिडणं काही केलं नाही. गाडीच्या चाकावर थाप मारली आणि म्हणाले, "पट्टी जपून ठिव." मी ती जपली. तिच्यात माझी तिन्ही मुलं निजली.

एका थंडीत निरोप आला, मामा गेले. मी धाकट्याला शेजारणीकडं ठेवलं, पट्टी घेतली आणि ह्यांच्याबरोबर निघाले. पोचले तेव्हा त्यांना गिरज्यात चित्रापुढं ठेवलं होतं, लाल कोट घालून. त्यांची पट्टी भिंतीजवळच्या खुंटीवर होती. गिरज्याच्या अंगणातल्या शेजारणीनं सांगितलं, की आमच्यामागं पावसाळ्यात भिंतीला ओल यायला लागली, तेव्हापासून मामा ती पट्टी घोड्यावर टांगत आणि आपण नुसत्या गोणपाटावर निजत. मी पट्टी हातात घेतली तर तिला एका बाजूनं घोड्याचा तांबूस रंग लागला होता. मी मोठ्यानं रडले, लाज बाळगली नाही.

मग डोळे पुसले, खाली बसले आणि काळ्या लोकरीनं दोन्ही पट्ट्या जोडायला लागले. माझी पट्टी मुलांच्या अंगाखाली विटून मऊ झालेली, त्यांची राठ आणि रंग लागलेली. जुळेनात, पण मी जुळवल्या. तो मुसलमान म्हातारा दाराशी बसला होता, एकटक घोड्याकडं बघत.

फादर नवीन होते, वयानं लहान, नुकतेच हैदराबादेहून आलेले. त्यांनी माझं कुंकू पाहिलं, माझ्या हातातलं शिवणकाम पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "बाई, आपण यांच्या कोण?"

मी शेवटचा टाका घातला, धागा दातानं तोडला आणि ते पुरं कांबळं मामांच्या अंगावर, पायापासून हनुवटीपर्यंत, पसरलं. "कांबळबहीण," मी म्हणाले.

त्यांना काही कळलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. सगळी गावची माणसं माझ्याकडं बघत होती. मामांच्या जागी आता सांगायला कुणी नव्हतं. मी उठले, पदर सारखा केला आणि डावा पाय आधी टाकून दाराकडं निघाले.

"या फादर, भिंतीपासून सुरू करू," मी म्हणाले. "आधी आपला गिरजा नीट बघा. असा गिरजा हैदराबादेत बी न्हाई."

आणि इतिहास सांगता सांगता मी ती भिंत आणखी हातभर उंच केली.